अस्सल चवीचा आग्रह

पूर्वी आपल्याकडील गृहस्थ परगावी गेला असता जेवणाविषयी दोनच प्रश्न विचारीत असे. अन्न स्वच्छ आहे काय, आणि ते आपणांस चालेल काय? अलीकडे या दोहोंच्या जोडीस तिसरा एक प्रश्न येऊन बसला आहे. हे अस्सल आहे काय? वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहण्याकरिता छत्रपती संभाजीनगरास येणारी पुण्या-मुंबईकडील सुशिक्षित कुटुंबे दौलताबादचा किल्ला उतरून खाली आली, की रिक्षावाल्यास प्रथम हेच विचारतात, ‘येथे अस्सल नान-कलिया कोठे मिळेल?’ प्रश्न निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच येथे थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. अस्सल म्हणजे नेमके काय, आणि दुसऱ्याच्या अन्नाकडून अस्सलपणाची मागणी करण्याचा अधिकार जेवणाऱ्यास कितपत पोचतो?

ज्या वाचकांच्या पानावर हा पदार्थ कधी आला नसेल, त्यांच्याकरिता प्रथम त्याची ओळख करून देणे इष्ट आहे. कलिया म्हणजे मटणाचा मसालेदार, पातळसर रस्सा. त्यावर लाल तवंग तरंगत असतो. नान आंबवलेल्या कणकेचा, भट्टीत भाजलेला आणि वरून हळदीच्या पाण्याचा हात फिरवल्यामुळे पिवळसर दिसणारा. दोघा-चौघांपुरता लहानशा पातेल्यात करावयाचा हा पदार्थच नव्हे. लग्नकार्यात मोठमोठ्या देगांतून तो शेकडो माणसांकरिता शिजतो, आणि याचे कारणही त्याच्या जन्मकथेतच सांगितले जाते. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली व देवगिरीचे दौलताबाद केले. त्या वेळी लष्कराच्या तळावर हजारो तोंडांना एकदम जेवू घालण्याच्या गरजेतून नान-कलिया निघाला, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट परंपरेची आहे, दप्तरातली नव्हे. पण ती खरी धरली तर तिचा अर्थ काय होतो, हे मात्र सांगणारे सहसा लक्षात घेत नाहीत. ज्याला आज आपण या शहराचे खास अन्न म्हणून गौरवितो, ते या मातीत उगवलेले नव्हे. ते बाहेरून आले, आणि तेही फौजेबरोबर. यादवांच्या देवगिरीत वाढलेल्या माणसास ते परक्यांचेच अन्न वाटले असणार.

आता ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ ‘आरंभी जसे होते तसे’ असा घेतला, तर पुढची अडचण याहून मोठी आहे. कलियाचा तो लाल तवंग मिरचीचा आहे, आणि मिरची ही अमेरिका खंडातील वनस्पती आहे. कोलंबस १४९२ साली त्या बाजूस पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतास उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यास लागली. तेव्हा तुघलकाच्या देगेत मिरचीचा कणही असणे शक्य नव्हते. तेथे तिखटपणा आणावयाचा तो मिरे, पिंपळी आणि आले यांनी. समजा, आज एखाद्या इतिहासप्रेमी आचाऱ्याने चौदाव्या शतकाशी प्रामाणिक राहून बिनमिरचीचा, फिकट कलिया केला, तर अस्सलपणाची चौकशी करीत आलेला पाहुणा पहिल्याच घासास म्हणेल, ‘छे, हा काही अस्सल नव्हे!’ म्हणजे त्यास मूळ हवे असते असे नव्हे. मूळ म्हणून त्याने मनाशी जे चित्र रेखाटले आहे, ते पानात हवे असते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे शाकाहारी आहेत. हा सगळा खटाटोप मांसाहारी लोकांचा, आमचे अन्न मात्र परंपरेने चालत आलेले, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी कृपा करून येत्या एकादशीस आपल्या पानाकडे पाहावे. साबुदाण्याच्या खिचडीइतके सोज्ज्वळ अन्न महाराष्ट्रात दुसरे नसेल. पण साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडच्याच अँडीज पर्वतातला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरचीही अमेरिकेकडचीच. फोडणीतले जिरेसुद्धा फार प्राचीन काळी पश्चिमेकडून आलेले. राहता राहिले तूप, तेवढे घरचे. पैठण-आपेगावच्या परिसराशी ज्यांच्या घराण्याचे नाते आहे ते ज्ञानेश्वर, आणि त्यांचे सखे नामदेव, यांच्या एकादशीस यांतला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा किंवा मिरची माहीत असणे संभवत नाही. म्हणून आपली खिचडी खोटी ठरते काय? मुळीच नाही. घरातील वडील माणसांनी ती श्रद्धेने खाल्ली, मुलांना खाऊ घातली, आणि अशा पिढ्या गेल्यावर ती आपली झाली. येथे आपण ज्या उदारतेने स्वतःच्या अन्नाचा न्याय करितो, तीच उदारता दुसऱ्याच्या अन्नास दाखवावयास काय हरकत आहे?

हा जो साबुदाण्याचा कंद, तोच क्यूबा बेटावर उकडून लसूण आणि आंबट नारिंगाच्या रसाबरोबर खातात. त्या बेटाची हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी पडण्यासारखी आहे. कंद तेथील मूळ रहिवाशांचा. तांदूळ आणि डुकरे स्पॅनिश लोकांनी नेलेली. चुलीशी राबणारे हात आफ्रिकेतून गुलाम म्हणून ओढून आणलेल्या माणसांचे. आणि १८४७ पासून त्यांत करारावर आणलेल्या चिनी मजुरांची भर पडली. काळा घेवडा आणि पांढरा भात एकत्र शिजवून जो नित्याचा पदार्थ तेथे होतो, त्याचे नावच ‘मूर आणि ख्रिस्ती’ असे आहे. ज्यांनी शतकानुशतके एकमेकांशी लढाया केल्या, ते दोघे एका भांड्यात शिजून निघाले! १९५९ च्या राज्यक्रांतीनंतर त्या बेटावरील लाखो माणसे देश सोडून अमेरिकेत, विशेषतः फ्लॉरिडाच्या बाजूस, गेली, आणि तेथे त्यांनी आपल्या खाणावळी थाटल्या. इकडे क्यूबात १९६२ पासून शिधापत्रिका आल्या आणि गोमांस दुर्मिळ झाले. मांसाचे तंतू सुटेपर्यंत शिजवून करावयाचा, ‘जुने कपडे’ अशा गमतीदार नावाचा जो त्यांचा प्रसिद्ध पदार्थ, तो घरच्या चुलीवर क्वचित आणि परदेशच्या खाणावळीत रोज, असा विपरीत प्रकार झाला. आता अस्सल क्यूबन जेवण कोणते म्हणावे? बेटावर राहून, मिळेल ते शिजवून खाणाऱ्याचे, की अमेरिकेतील एखाद्या लहान गावात बसून आजीच्या हातची चव आठवीत देशत्याग केलेल्याने रांधलेले?

आमचे उत्तर असे की, दोन्ही अस्सल आहेत, आणि दोहोंच्या अस्सलपणाचे कारण एकच आहे. दोघेही आपल्या माणसांकरिता, आपल्या आठवणीस जागून रांधीत आहेत. दौलताबादेसही हेच घडले असावे. दिल्लीहून जे आले ते सर्वच काही आपखुशीने आले नव्हते. अमीर-उमराव, विद्वान, सूफी, त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबे, अशी माणसे सुलतानाच्या हुकुमाने घरदार सोडून निघाली होती. पुढे सुलतानाने बेत फिरविला व परत जाण्यास मोकळीक दिली, तेव्हा काही परतले आणि काही येथेच राहिले. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यासारख्या त्या काळच्या सूफींच्या कबरी खुलताबादेस आजही आहेत. सोडलेल्या घराची आठवण मनुष्य पुष्कळ प्रकारांनी जपतो; त्यांत जिभेवरची आठवण सर्वांत चिवट असते. परंतु आठवणीलाही येथल्याच बाजारात सौदा करावा लागतो. येथले धान्य, येथले पाणी, येथला मसाला तीत शिरतो. म्हणून टिकणारे अन्न बदलत जाते, आणि बदलत गेल्यामुळेच टिकते.

यावर कोणी म्हणेल की, मग तुमच्या मते वाटेल त्याने वाटेल ते शिजवावे आणि त्यास नान-कलिया म्हणावे! असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पदार्थाचे नाव हे एक वचन आहे. रंगाची पूड टाकून तवंग लाल करणे, देगेवर घालवावयाचे तास वाचवून तयार रसाची भर घालणे, शिळा नान ओला करून ताजा म्हणून वाढणे, ही लबाडी होय. आणि लबाडी ती लबाडीच, मग पाककृती कितीही जुनी असो. बदल आणि लबाडी यांतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. बदल करणारा आपला बदल स्वतः खातो, आपल्या लेकरांस वाढतो, आणि कोणी विचारल्यास सांगतो. लबाडी करणारा ती लपवितो, आणि स्वतःच्या घरी निराळे शिजवितो. तेव्हा अस्सलपणा हा पदार्थाच्या वयात नसून रांधणाऱ्याच्या इमानात असतो. त्याची पारख वंशावळ तपासून होत नाही. जिव्हाळ्याने व सवयीने जेवूनच होते.

येथवर रांधणाऱ्याची गोष्ट झाली. पण जेवणारासही काही धर्म आहे, आणि आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म तेथेच आहे. अस्सल, शुद्ध, भेसळ, बाट हे सारे शब्द शेजारी शेजारी राहणारे आहेत. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह याच दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले होते. प्रवासाने धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी दरवाजाबाहेरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून ‘आमचा हौद बाटविला’ असा ओरडा झाला, गर्दी जमली, आणि अखेर त्यांनी पुढे कोठे पाण्यास स्पर्श करू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांस किल्ल्यात सोडण्यात आले. ओरडणारे स्थानिक मुसलमान होते. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो इतरांच्याही दृष्टीने अस्पृश्यच ठरतो, हा अनुभव डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेविला आहे. परक्या मुलुखातून आलेल्या रश्श्यास ज्या किल्ल्याने आसरा दिला असे आपण सांगतो, त्याच किल्ल्याच्या दारी या भूमीच्या पुत्रांस पाण्याचा स्पर्श नाकारला गेला.

१९३४ चे ते क्रौर्य आणि आजच्या प्रवाशाची चवीची हौस या दोन गोष्टी एका तोलाच्या आहेत, असे आमचे म्हणणे नाही. एकीत माणसाचा अपमान आहे. दुसरीत फार तर थोडा दिमाख. परंतु दोहोंच्या मुळाशी मनाची एक सवय मात्र समान आहे. शुद्धता ही वस्तूत असते आणि तिचा निवाडा करणारा मी, असे मानण्याची ती सवय होय. जुने सोवळे रांधणाऱ्याची जात विचारीत असे. नवे सोवळे पदार्थाचे कुळ विचारते, आणि रांधणाऱ्यास विचारीतच नाही. म्हणूनच आपल्या सुशिक्षित समाजात एक चमत्कारिक दृश्य दिसते. ज्याच्या हातच्या कलियाची आपण घरी परतल्यावर आठवडाभर तारीफ करितो, त्यानेच आपल्या इमारतीत भाड्याने जागा मागितली, तर आपणांस एकाएकी अनेक अडचणी आठवू लागतात. त्याचे अन्न अस्सल म्हणून हवे असते. तो मात्र दूर, त्या गल्लीत, त्या भट्टीशीच राहिलेला बरा वाटतो. किंबहुना तो तेथे तसाच राहिला, तर त्याचे अन्न अधिकच अस्सल वाटते! अशा वेळी अस्सलपणाचा आग्रह हे कौतुक राहत नाही. दुसऱ्यास त्याच्या जागी खिळवून ठेवण्याचे ते सभ्य साधन बनते. आपण बदलावे, सुधारावे, मुलांना परदेशी पाठवावे. त्याने मात्र आपल्या सुटीतल्या एका दुपारीकरिता चौदाव्या शतकात बसून राहावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

हे शहर स्वतःच या गोष्टीचा दाखला आहे. मलिक अंबर हा हबशी, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने १६१० साली खडकी वसविली. तिचे पुढे फत्तेनगर झाले, १६५३ साली औरंगाबाद झाले, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारी दप्तरात आले. नावांच्या वादात शिरण्याचे आमचे प्रयोजन नाही. इतकेच सांगावयाचे की, या सर्व नावांच्या काळात येथील चुली पेटत राहिल्या, आणि त्यांवर रांधणाऱ्यांनी आलेल्या प्रत्येक पिढीस जेवू घातले.

तेव्हा आमच्या वाचकांनी त्या शहरी जावे आणि ज्यांस चालत असेल त्यांनी नान-कलिया अवश्य खावा. पण मुलाबाळांसमक्ष ‘हे अस्सल आहे का?’ असे विचारण्याऐवजी देगेशी उभ्या असलेल्या माणसास एवढेच विचारावे की, तुम्ही हे कोणाकडून शिकलात, आणि तुमच्या घरी हे कधी करितात? तो सांगेल ते ऐकण्यास थोडा वेळ लागेल, आणि नान तोवर निवेल. निवू द्यावा. आणि कधी काळी तोच माणूस आपल्या शेजारी राहावयास आला, तर एकादशीच्या दिवशी त्याच्या घरी खिचडीची एक वाटी पाठवावी. ती दूरदेशीच्या कंदाची असली, तरी आपण ती आपली म्हणूनच पाठवू, आणि तोही ती आपली म्हणूनच घेईल.