न पाहतां घेतलेला चाकू

वस्तु डोळ्यांनीं पाहावी, हातानें चांचपावी आणि मगच तिचें मोल करावें, हा बाजाराचा मूळ धर्म होय. ग्राहक दुकानाच्या पायरीवर उभा आहे, वस्तु दोघांच्या मध्यें ठेवली आहे, आणि विक्रेत्याचा शब्द खरा कीं खोटा याचा निवाडा ग्राहकाचीं बोटें तेथल्या तेथें करीत आहेत, अशी ही तिघांची भेट असते. ऑनलाइन खरेदींत या तिघांपैकीं कोणीच कोणास भेटत नाहीं. वस्तु दूर देशींच्या कोठारांत, विक्रेता पडद्यामागें, आणि ग्राहक आपल्या घरीं हातांतील यंत्राच्या कांचेवर एक चित्र न्याहाळीत बसलेला! पैसे आधीं जातात, वस्तु मागाहून येते, आणि तिच्याबरोबर पुष्कळदां निराशाही येते. या निराशेचा विचार बहुधा पैशांच्या भाषेंत होतो: किती गेले आणि किती परत मिळाले. आमच्या मतें तो नीतीच्या भाषेंत होणें अधिक अगत्याचें आहे. न पाहिलेल्या वस्तूविषयीं विक्रेत्यानें ग्राहकास किती सांगितलें पाहिजे, आणि निराश झालेल्या ग्राहकाचें कर्तव्य काय, असे ते दोन प्रश्न होत.

या प्रश्नांची चर्चा करण्यासाठीं आम्ही मुद्दाम एक लहानशी वस्तु निवडतों. ती म्हणजे जुन्या धर्तीचा, खिशांत बाळगावयाचा मिटता चाकू. इंग्लंडांत शेफील्ड, जर्मनींत झोलिंगेन, फ्रान्सांत तिएर आणि अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांत येथें हे चाकू पिढ्यान्‌पिढ्या होत आले असून, त्यांचे शौकीन आज हिंदुस्थानांत बसूनही ते मागवितात. रचना पाहिली तर अगदीं साधी. एक पोलादी पातें, त्याच्या बुडावर दाबून बसणारी पाठीची कमान, दोहों बाजूंस पितळेचे पत्रे, त्यांवर हाड, शिंग किंवा लाकूड यांच्या पट्ट्या, आणि हें सर्व एकत्र धरणाऱ्या चार-दोन खिळी. कमानीचा दाब कमी पडला तर पातें ढिलें राहतें. अधिक झाला तर उघडतांना नख मोडतें. उघडल्यावर पातें बाजूस हलतें काय, कमान आणि पत्रे यांच्यामध्यें फट आहे काय, मिटतांना पातें पत्र्यास घांसतें काय, धार दोन्ही अंगांनीं सारखी काढली आहे काय, या चार गोष्टींवर त्याचें सारें गुणदोष अवलंबून आहेत. हे बहुतेक गुण हातास कळणारे आहेत, आणि ग्राहकाकडे येतें तें केवळ चित्र! म्हणूनच न पाहतां घेतलेल्या वस्तूचा प्रश्न या उदाहरणांत अगदीं उघडा पडतो.

हा प्रश्न नवीन आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज कोणीही सुज्ञ माणूस मान्य करणार नाहीं. तथापि तिच्या आठव्या अध्यायांत मालाच्या विक्रीविषयीं एक नियम आहे तो चिंतनीय आहे. भेसळीचा, निकस किंवा उणा माल विकूं नये, हें तर त्यांत आहेच. पण दूर असलेला व झांकलेला मालही विकूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. न पाहिलेली वस्तु विकणें हें त्या शास्त्रकाराला निकस वस्तु विकण्याच्या पंक्तींत बसण्याजोगें वाटलें. याच अध्यायांत खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला ‘अनुशय’ हें नांव असून, असा अनुशय झाल्यास दहा दिवसांच्या आंत माल परत करण्याची वा घेण्याची मुभा दिलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ही मुदत व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन रात्री आणि गुराख्यास पांच रात्री अशी आहे. माल पारखण्याचा ज्याला सराव कमी त्याला विचार करण्यास अवधि अधिक, अशी या चढत्या मुदतींची उपपत्ति आम्हांस दिसते. लोखंडादिकांचा हलका माल अस्सल म्हणून विकणाऱ्यास किंमतीच्या आठपट दंडही त्या ग्रंथांत सांगितला आहे. युरोपियन संघानें २०११ सालच्या आपल्या आदेशानें दुरून घेतलेला बहुतेक माल कारण न सांगतां चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकांस दिला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याखालीं २०२० मध्यें ऑनलाइन व्यापाराचे जे नियम झाले, त्यांनीं माल कोणत्या देशाचा हें सांगणें आवश्यक केलें, आणि विक्रेत्यानें ग्राहकाचें सोंग घेऊन स्वतःच्याच मालाची तारीफ करण्यास मनाई केली. काळ बदलला, परंतु अनुशयाचा प्रश्न बदलला नाहीं.

कायदा मात्र किमान मर्यादा घालून देतो. तिच्यापलीकडे विक्रेत्याचें कर्तव्य कोठवर जातें? रोमन पंडित सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत याच मुद्द्यावर दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे, गांवकऱ्यांस नाहीं. तें त्यानें सांगावें काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायद्यानें सांगावयास लावलेले दोष सांगितले म्हणजे झालें. न बोलणें म्हणजे फसविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विक्रेत्यास जें ठाऊक तें सर्व ग्राहकास ठाऊक झालेंच पाहिजे. सिसेरोनें शिष्याच्या बाजूनें कौल दिला आहे.

समोरासमोरच्या बाजारांत गुरूच्या म्हणण्यांत कांहीं जीव आहे, हें आम्ही कबूल करतों. ग्राहकाला डोळे आहेत, हात आहेत. दुकानदार गप्प राहिला तरी वस्तु गप्प राहत नाहीं. चाकू उघडून पाहिला कीं तो आपली हकीकत आपणच सांगतो. परंतु ज्या बाजारांत ग्राहकाचे डोळे म्हणजे विक्रेत्यानें निवडलेलें चित्र, आणि ग्राहकाचे हात म्हणजे विक्रेत्यानें लिहिलेलें वर्णन, तेथें डायोजिनीसची बाजू उभीच राहूं शकत नाहीं. तेथें विक्रेत्यानें पाळलेलें मौन हें ग्राहकाच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी होय. शंभरांतून निवडलेल्या निर्दोष चाकूचें चित्र दाखवून उरलेल्या नव्व्याण्णवांतला कोणताही एक पाठविणारा विक्रेता एकही खोटा शब्द बोललेला नसतो; आणि तरीही तो असत्य आचरतो.

वस्तु दिसत नाहीं म्हणून ग्राहक नांवावर विसंबतो, आणि मग नांवाचीच चोरी सुरू होते. शेफील्डच्या चाकूवाल्यांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला, आणि कारागिरांच्या खुणा नोंदून त्यांवर लक्ष ठेवणें हें त्याचें एक मुख्य काम होतें. पुढें जर्मन मालावर शेफील्डचें नांव घालून तो खपविला जातो अशी ओरड झाली. इंग्लंडांत १८८७ सालीं मालाच्या खुणांविषयीं जो कायदा झाला त्याच्या मुळाशीं ही तक्रार होती. परदेशी मालावर त्याच्या उगमाचा शिक्का बसूं लागला. आणि जर्मन कारागिरांनीं आपलें काम इतकें सुधारलें कीं, कलंक म्हणून आलेला तो शिक्का पुढें त्यांचें भूषण ठरला. मग झोलिंगेनचेंच नांव चोरलें जाऊं लागलें, व १९३८ सालीं त्या नांवाच्या रक्षणार्थ जर्मनीला कायदा करावा लागला. फ्रान्समधील लायोल या खेड्याची कथा तर याहून गुंतागुंतीची आहे. त्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकांत जन्मलेला डौलदार चाकू विसाव्या शतकांत मुख्यतः दूरच्या तिएर शहरीं होऊं लागला. खेड्यांत तो धंदा पुनः उभा राहिला तो १९८० नंतरच्या दशकांत. इतक्यांत हें नांव कोणाच्याही मालावर बसूं लागलें. १९९३ सालीं गांवाशीं संबंध नसलेल्या एका गृहस्थानें तें नाना प्रकारच्या मालासाठीं नोंदवून घेतलें, आणि गांवाला वर्षानुवर्षें न्यायालयाचीं दारें ठोठावावीं लागलीं; शेवटीं २०१९ सालीं पॅरिसच्या अपील न्यायालयानें गांवाच्या बाजूनें निकाल दिला. तिएरच्या कारागिरानें पिढ्यान्‌पिढ्या तो चाकू जिवंत ठेवला, म्हणून त्याचाही त्या नांवावर हक्क पोंचतो असें आम्हांस वाटतें. परंतु ज्यानें तो घाट केवळ चित्रांतून उचलला, त्याचा त्या नांवावर कोणता हक्क?

आतां कारागिराच्या बाजूनें नेहमीं जें सांगण्यांत येतें त्याचाही विचार केला पाहिजे. ‘हातचें काम आहे, फरक राहावयाचाच,’ हें तें उत्तर. त्यांत सत्य आहे, पण तें सर्व सत्य नव्हे. निराशेचे तीन प्रकार वेगळे केले म्हणजे हा घोटाळा सुटतो. पहिली निराशा वस्तूच्या स्वभावाची. साध्या पोलादाचें पातें लिंबू कापतांच काळवंडतें, ओलें ठेवल्यास गंजतें. सव्हॉय प्रांतांत १८९० पासून होत असलेल्या ओपिनेल चाकूची बीच लाकडाची मूठ दमट हवेंत फुगते, आणि कोंकणच्या श्रावणांत तो उघडतां उघडेना झाला तर त्यांत कोणाचा अपराध नाहीं. दोन हाडांचा रंग एकसारखा नसतो, हेंही तसेंच. दुसरी निराशा हयगयीची: ढिलें पातें, कमानीमागची फट, एका अंगास जाड राहिलेली धार. हीं हातकामाचीं लक्षणें नव्हेत. काम हातावेगळें करतांना पुनः एकवार न पाहिल्याचीं तीं लक्षणें होत. तिसरी निराशा लबाडीची: शिंग म्हणून प्लॅस्टिक, एका गांवाचा म्हणून दुसऱ्या गांवाचा माल. पहिलीबद्दल विक्रेत्यानें आधीं सूचना द्यावी, दुसरीबद्दल भरपाई द्यावी, तिसरीबद्दल शिक्षा भोगावी, हा न्याय. पहिली कोणती आणि दुसरी कोणती असा संशय पडल्यास कारागिरानें स्वतःस एकच विचारावें: हाच चाकू मी माझ्या खिशांत घातला असता काय?

येथवर विक्रेत्याचें झालें. परंतु ग्राहकाचे हातही सदैव निर्मळ असतात असें नाहीं. दहा हजारांचें नांव पांचशें रुपयांत मागणारा ग्राहक खोट्या मालाचा अर्धा कर्ता असतो. आपण फसूं याची त्याला कुणकुण असते, आणि फसल्यावरचा त्याचा संताप थोडा नाटकी असतो. तीन चाकू मागवून त्यांतला उत्तम ठेवणारा व दोन परत धाडणारा, किंवा महिनाभर वापरून ओरखडे पडलेला चाकू ‘आवडला नाहीं’ म्हणून परत करणारा, हे कायद्याच्या आंत राहूनही अन्याय करतात. अनुशयाचा हक्क वस्तु आधीं पाहावयास मिळाली नाहीं एवढ्यासाठीं आहे. फुकट वापरावयास मिळावी म्हणून नाहीं. मोठ्या कोठीस असा परतावा जाणवत नसेल. चार माणसांच्या कारखान्यास तो जाणवतो.

याच्या उलट दुसरें एक टोंक आहे, आणि आमच्या मध्यम वर्गांत तेंच अधिक आढळतें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं हौसेनें परदेशचा एक चाकू मागविला. आला तो पातें डुलणारा. ‘एवढ्याशा गोष्टीसाठीं कोण पत्रव्यवहार करीत बसणार?’ असें म्हणून त्यांनीं तो खणांत टाकला, आणि आपल्या औदार्याचें त्यांना थोडें समाधानही वाटलें. मात्र पुढें जो भेटेल त्याला ते सांगूं लागले कीं, त्या गांवचे चाकू आतां पूर्वीसारखे राहिले नाहींत. दोष ज्याला दुरुस्त करतां आला असता त्याच्यापाशीं मौन, आणि ज्यांना कांहींच करतां येण्यासारखें नाहीं त्यांच्यापाशीं वाचाळता! याला आम्ही औदार्य म्हणणार नाहीं. आळसाला सभ्यपणाचा अंगरखा घातला एवढेंच. त्यांत कारागिरावर दुहेरी अन्याय झाला: आपली चूक त्याला कळली नाहीं, आणि तिची शिक्षा त्याच्या शेजाऱ्यांसही झाली.

अशा मौनाचा परिणाम एका ग्राहकापुरता राहत नाहीं. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें आहे कीं, मालाचा कस विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असला म्हणजे ग्राहक सर्वच मालाला मध्यम भाव देऊं लागतो. त्या भावांत उत्तम माल परवडत नाहीं, म्हणून तो बाजारांतून उठतो, आणि शेवटीं निकृष्टच शिल्लक राहतो. चाकूच्या धंद्यास हें पुरेपूर लागू आहे. जो कारागीर प्रत्येक पातें दोनदां तपासतो त्याचा वेळ किंमतींत दिसतो, पण चित्रांत दिसत नाहीं. ग्राहकांनीं खरें बोलून तो फरक जगाला दाखविला नाहीं, तर त्या कारागिरानें तरी दोनदां कां तपासावें?

म्हणून आमच्या मतें तक्रार करणें हें ग्राहकाचें कर्तव्य आहे, आणि प्रत्येक कर्तव्याप्रमाणें त्यालाही मर्यादा आहेत. तक्रार प्रथम विक्रेत्याकडे करावी, चव्हाट्यावर नव्हे. दोष नेमका सांगावा; विशेषणें गाळावीं. काय पाहिजे, दुरुस्ती, बदली कीं पैसे, हें स्पष्ट लिहावें. उत्तर न आल्यास जें घडलें तेवढेंच चारचौघांत सांगावें. आणि विक्रेत्यानें चूक सुधारली, तर तेंही तितक्याच ठळकपणें सांगावें. या शेवटच्या गोष्टीचा लोकांस फार कंटाळा असतो. निराश झालेला ग्राहक दहा ओळी लिहितो. समाधान पावलेला एकही लिहीत नाहीं, आणि मग खरा कारागीर ओळखावा कसा, म्हणून तोच विचारतो.

चाकू लहान आहे, त्याची किंमतही फारशी नाहीं. परंतु अन्न, औषधें, मुलांचीं पुस्तकें, हीं सर्व आतां याच वाटेनें आमच्या घरांत येऊं लागलीं आहेत. चाकूच्या बाबतींत ‘जाऊं द्या’ म्हणण्याची संवय जडली, तर तीच औषधाच्या बाबतींतही आमच्या तोंडून निघेल. यापुढें पुडकें उघडून कोणाची निराशा झाली तर शेजाऱ्याशीं बोलण्यापूर्वीं त्यानें कारागिराला चार ओळी लिहाव्या. त्या चार ओळींना उत्तर काय येतें, यावरूनच तो माणूस पुनः व्यवहार करण्याजोगा आहे कीं नाहीं, हें ठरवावें.