पाचवी चिमणी

बोईसरहून नवापूरला जाणारा रस्ता कारखान्यांच्या भिंतींमधून निघतो आणि मच्छीमारांच्या गावात समुद्रापाशी संपतो. इथे बारीक मासळी वजनावर घेत नाहीत, वाट्यावर घेतात. मावशी मांदेलीचे वाटे मांडून बसलेली असते. गिऱ्हाईक घासाघीस करतं, पिशवी उघडतं आणि न चुकता म्हणतं, "मावशी, वर घाला की थोडी." मावशी कुरकुरते, "वाटा काय लहान आहे का?" आणि तरी मूठभर करंदी पिशवीत टाकते. वाट्याचा भाव ठरलेला असतो. वरच्या मुठीला भाव नसतो. तिचा हिशेब विकणाराही ठेवत नाही आणि घेणाराही.

ही मूठ पाहिली की मला शुभवर्तमानातल्या चिमण्या आठवतात. येशूच्या काळी गरिबाघरी चिमण्या शिजत, त्यामुळे त्या बाजारात विकायला येत. मत्तयाने दिलेला भाव असा : एका नाण्याला दोन. हे नाणं म्हणजे रोमन चलनातलं तांब्याचं खुर्दा नाणं, मजुराच्या दिवसाच्या कमाईचा सोळावा हिस्सा. लूकने दिलेला भाव थोडा वेगळा आहे : दोन नाण्यांना पाच. आता हिशेब मांडा. एकाला दोन, तर दोनाला चार. मग पाचवी कुठून आली? ती वरची. जास्त माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश करायला टाकलेली. आणि येशूचं म्हणणं असं की, देव या पाचांपैकी एकीलाही विसरत नाही.

देव जगाचा सांभाळ करतो, असं म्हणणं सोपं आहे. ऋतू येतात-जातात, समुद्राला भरती-ओहोटी येते. ही व्यवस्था पाहून कुणीही हात जोडेल. पण तो एकेका जीवाला वेगळं ओळखतो, अगदी डोक्यावरचे केस मोजून ठेवतो, हा ख्रिस्ती श्रद्धेचा दावा बराच धाडसाचा आहे. मराठी मनाला मात्र तो परका वाटू नये. जनीसोबत जात्यावर बसणारा विठ्ठल आपल्या ओळखीचाच आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांचं बोट धरूनच ख्रिस्तापर्यंत पोचले आणि आपल्या नव्या देवाशी अभंगातच बोलत राहिले. विश्वाचा कारभार पाहणारा देव ज्याला पुरत नाही, हाक मारली तर ओ देणारा देव ज्याला हवा असतो, त्याला ही श्रद्धा चटकन कळते.

इथेच एक घोटाळाही होतो. देव माझी काळजी घेतो, याचा अर्थ माझं काही वाईट होणार नाही, असा लावला जातो. अपघातातून वाचलेला माणूस सांगतो, देवाने मला वाचवलं. मग शेजारच्या आसनावर बसलेला गेला, त्याच्याकडे देवाचं लक्ष नव्हतं का? मूळ वचन नीट वाचलं तर त्यात असा विमा कुठेच नाही. चिमणी पडणार नाही, असं येशू म्हणत नाही. ती पडते, हे तो गृहीतच धरतो. ती पित्याच्या नजरेआड पडत नाही, एवढंच तो सांगतो. कुणाला हे आश्वासन अपुरं वाटेल. ते फार जड आहे, असं मला वाटतं.

ते पेलणारं एक माणूस महाराष्ट्राने पाहिलं आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले. भाऊ १८८० मध्ये गेला, पती १८८२ मध्ये. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाही त्यांच्या हयातीतच गेली. काळजी म्हणजे संकटापासून सुटका, असा त्यांचा समज असता तर ही श्रद्धा कधीच गळून पडली असती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन अशा शेकडो मुलींनी भरलं. सरकारी अहवालात दुष्काळ म्हणजे आकडे होते. केडगावात त्या आकड्यातल्या मुलीला आंघोळ घालायची होती, तिच्या केसांतल्या जटा सोडवायच्या होत्या आणि तिला नावाने हाक मारायची होती. डोक्यावरचे केस मोजण्याचा अर्थ तिथल्या बायकांना कुणी वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

मुक्तीत अंधांसाठी सदन झालं, त्याला नाव दिलं बार्तमी सदन. बार्तमी हा यरीहोच्या रस्त्याकडेला बसणारा आंधळा भिकारी. मार्काच्या शुभवर्तमानात बरे झालेले पुष्कळ आहेत, पण कोणी कुष्ठरोगी, कोणी पक्षाघाती. नाव क्वचित कुणाला. या भिकाऱ्याला नाव आहे. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात आणि येशू थांबतो. थांबून जे विचारतो, ते मला नेहमी विलक्षण वाटतं : मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला काय हवं असणार, हे गर्दीतल्या पोरालाही कळलं असतं. तरी तो विचारतो. काळजी वाटणारा आधी विचारतो. दान वाटणाऱ्याला बहुधा विचारावंसं वाटत नाही.

रमाबाईंनी खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते हातावेगळं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकामुलीच करत. चिमण्यांची ओळसुद्धा अशाच कुणा मुलीच्या बोटांखालून गेली असणार. दुष्काळाच्या हिशेबात ती स्वतःच वरची होती.

आता पुन्हा नवापूर. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी वाहिनीतून याच समुद्रात सोडलं जातं. मासळी घटली, जाळ्यांना काळा चिकटा येतो, हे इथले मच्छीमार कित्येक वर्षं सांगत आले आहेत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरहून अधिक कारखान्यांना पर्यावरणाची भरपाई भरायचा आदेश दिला. भरपाईचं गणित सांडपाण्यावरून मांडता येतं. पहाटे रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्या बाईचं त्यात काय बसतं? कारखान्यात स्फोट झाला की पहिल्या दिवशी आकडा छापून येतो आणि नावं मागाहून. मेलेला ठेकेदाराचा माणूस असला, तर मस्टरमध्ये त्याचं नाव आहे की नाही, इथपासून शोध सुरू होतो. दिवाळीच्या बोनसची यादी लागते, तेव्हाही तो कारखान्याच्या यादीत नसतो. तोही वरचाच.

मोजल्याशिवाय कारखाना चालत नाही, सरकारही चालत नाही. मोजणीत पाप नाही. पण प्रत्येक मोजणीत कुणीतरी वर उरतं, आणि ख्रिस्ती श्रद्धेतला देव नेमका तिथून मोजायला लागतो. येशूच्या दृष्टांतातला, कळपातली नव्याण्णव मेंढरं टाकून एकामागे जाणारा मेंढपाळ व्यवहारात वेडाच ठरेल. याच पालघर जिल्ह्यात, वसईच्या दफनभूमींत दरवर्षी २ नोव्हेंबरला, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, कबरींवर मेणबत्त्या लागतात. ज्या कबरीला आता कुणी वारस उरला नाही, तिच्यापाशीही शेजारच्या कबरीवर आलेलं माणूस एखादी मेणबत्ती टेकवून जातं. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचून मला जे उमगलं नाही, ते त्या एका जास्तीच्या मेणबत्तीने सांगितलं. देवाची नजर माणसापर्यंत पोचायची, तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या हाताने पोचते. तो हात आखडला, तर चिमणी पडते आणि आपल्याला आवाजही येत नाही.

हे सगळं लिहिणारा मी. नवापूरच्या त्या मावशीकडून आजवर कितीदा वरची मासळी मागून घेतली, याचा हिशेब नाही. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही.