ईश्वरनिंदेचे अधिष्ठान
नॉर्वेमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी मेहेम, डार्कथ्रोन, बर्झुम आदी बँडनी रूढ केलेला ब्लॅक मेटल हा हेवी मेटलचा उपप्रकार चिरका आवाज, एकच स्वर अतिजलद छेडणारी गिटार आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेले ध्वनिमुद्रण यांमुळे ओळखला जातो. त्याची वैचारिक भूमिका मात्र ख्रिस्ती धर्माशी असलेल्या उघड वैरावर उभी आहे. जो ईश्वर मानतच नाही, त्याला ईश्वरनिंदा करता येते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. उलटा क्रूस अर्थपूर्ण ठरतो, तो सुलटा क्रूस पवित्र मानला जातो म्हणूनच. भागवत परंपरेतील विरोधभक्ती, म्हणजे द्वेषापोटी घडणारे ईश्वराचे अखंड चिंतन, ही संकल्पना हेच परावलंबन सूचित करते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील होर्ड या एकाच कलावंताच्या बँडने ‘हेलिग उस्वार्ट’ या संग्रहात हीच शैली ख्रिस्ती श्रद्धेच्या सेवेत योजली, यावरून नाद स्वतः पाखंडी नसतो, हे स्पष्ट होते. १९९२ मध्ये याच संगीताच्या वर्तुळातून बर्गन येथील फांटॉफ्टचे लाकडी चर्च जाळण्यात आले, त्या कृत्याला मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण प्रतीक उलटे करणे हा विचाराचा प्रांत असला, तरी इतरांचे उपासनास्थळ नष्ट करणे हा नीतीचा प्रश्न आहे.