साल कोणाची?

केळे आपण विकत घेतो, गर खातो आणि साल टाकतो. गर 'माझा' होता. मग साल क्षणात नगरपालिकेची कशी झाली?

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी जेथे मराठी राज्य स्थापन केले, ते तंजावर कावेरीच्या गाळावर पोसलेले आहे. तेथे सणावारी केळीच्या पानावर पंगत बसते. पूर्वी उष्टी पाने गाईपुढे किंवा परसात जात, म्हणजे शेवटी मातीकडेच वळत. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधली जातात. सेंद्रिय शेतीसाठी आयुष्य वेचणारे जी. नम्माळवार १९३८ साली याच जिल्ह्यात जन्मले.

कोणी म्हणेल, "साल कुठेही कुजणारच!" खरे आहे. पण कचऱ्याच्या ढिगाखाली हवा पोहोचत नाही, म्हणून तेथे मिथेन वायू तयार होतो. आणि तो ढीग उपसणारे हात आपले नसतात. घरी भोके पाडलेल्या मडक्यात साल टाकावी, वर दुप्पट वाळका पाला पसरावा, आठवड्यातून एकदा हलवावे. साधारण तीन महिन्यांत खत होते. दुर्गंधी आली, तर पाला वाढवावा.

मिळालेले परत न अर्पिता भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. उपभोग माझा आणि उरलेले दुसऱ्याचे, ही वाटणी अहंकाराची आहे. सालीची जबाबदारी घेणे हा त्यावरचा रोजचा, साधा अभ्यास.

अंगण नसेल, तर ते खत रस्त्याकडेच्या झाडाला घालावे. ते झाड 'माझे' नाही, हेच बरे!