रिकाम्या आसनावर हक्क कोणाचा?

ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या एका कथनानुसार अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्यात चार गोष्टींची गणना केली आहे. सदाचारी पत्नी, प्रशस्त घर, चांगला शेजारी आणि सुखद वाहन. इब्ने हिब्बान यांच्या संग्रहात ही हदीस आली आहे. तेव्हा चांगल्या वाहनाची इच्छा करणे म्हणजे ऐहिक मोहात बुडणे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अन-नहलमध्ये (१६:७-८) अल्लाह आपल्या कृपादेणग्यांचे स्मरण करून देतो, तेव्हा ओझी वाहणाऱ्या आणि स्वारीच्या जनावरांचाही उल्लेख करतो. अतोनात कष्टांशिवाय तुम्ही जेथे पोहोचू शकला नसता तेथे ती तुम्हाला पोहोचवतात, आणि तुम्हाला ज्यांची माहितीही नाही अशा वस्तूही तो निर्माण करतो, असा त्या आयतींचा आशय आहे. आज दाराशी उभी असलेली मोटार याच देणग्यांपैकी एक आहे. मात्र प्रत्येक देणगीबरोबर जबाबदारी येते, आणि सूरह अत-तकासुरच्या (१०२:८) इशाऱ्यानुसार प्रत्येक देणगीचा जाबही द्यावा लागणार आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा. येथील कुटुंबांचे नातेसंबंध नांदेड, परभणी, वाशिम, अकोला असे चहूकडे पसरलेले असतात. निकाह एका गावी, वलीमा दुसऱ्या गावी. आजार गंभीर झाला तर नांदेड गाठावे लागते. जनाज्यासाठी तर वेळेवर पोहोचणे हेच सर्व काही असते. त्यामुळे हळदीचे पैसे हाती आले की घराघरांत एक विषय निघतो : आता सात जण बसतील अशी गाडी घ्यावी. गाडी ऐसपैस असावी, सुरक्षित असावी आणि इंधन कमी लागणारी असावी. या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु मोमिनासाठी हा विषय विक्रेत्याच्या दालनात संपत नाही. गाडी कोणती घ्यावी या प्रश्नाआधी ती कोणासाठी घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस येथे मार्ग दाखवते. प्रेषितांनी सांगितले की, घोडे बाळगणारे तीन प्रकारचे असतात. एकासाठी घोडा पुण्यफळ ठरतो, दुसऱ्यासाठी तो आवरण ठरतो आणि तिसऱ्यासाठी ओझे. जो अल्लाहच्या मार्गात घोडा सज्ज ठेवतो तो पहिला. आपल्या गरजेपुरता घोडा ठेवतो, पण त्यात असलेला अल्लाहचा हक्क विसरत नाही, तो दुसरा. अभिमान मिरवण्यासाठी आणि लोकांना दाखवण्यासाठी ठेवतो तो तिसरा. घोडा तिन्ही ठिकाणी घोडाच आहे. निराळा आहे तो उद्देश. गावात कोणाच्या दारात किती लांबीची गाडी उभी आहे, ही चढाओढ ज्या खरेदीमागे असेल तेथे गाडी ओझेच ठरणार, मग ती कितीही सुखद असो.

आता ज्या पेचाचा सहसा उच्चार होत नाही, त्याकडे वळू. ह. अबू सईद खुदरी (रजि.) सांगतात की, एका प्रवासात एक गरजू स्वार येऊन डावीकडे-उजवीकडे पाहू लागला. तेव्हा प्रेषितांनी फर्माविले की, ज्याच्याजवळ जास्तीचे वाहन असेल त्याने ते वाहन नसलेल्याला द्यावे आणि ज्याच्याजवळ जास्तीची शिदोरी असेल त्याने ती शिदोरी नसलेल्याला द्यावी. प्रेषित एकेका वस्तूचा उल्लेख करत गेले, तेव्हा गरजेपेक्षा जास्तीच्या कोणत्याही वस्तूवर आपला हक्क नाही, असे आम्हास वाटू लागले, असे ते म्हणतात. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्या प्रकाशात पाहिले तर सात आसनांच्या गाडीतील रिकामी आसने निव्वळ आपली राहत नाहीत. शेजारच्या वृद्ध आजीला दवाखान्यात जायचे आहे, मोहल्ल्यातील विद्यार्थ्याला परीक्षेच्या केंद्रावर पोहोचायचे आहे. त्यांचा त्या आसनांवर हक्क निर्माण होतो.

पण नेमका येथेच पेच उभा राहतो. लग्नाची सकाळ आहे. गाडी सात जणांची आणि अंगणात उभी माणसे अकरा. कोणी म्हणतो, ‘‘लेकरं मांडीवर बसतील.’’ कोणी म्हणतो, ‘‘थोडं सरकून घ्या, तासाभराचा तर रस्ता.’’ नाही म्हणावे तर मन कोते दिसते, नातेवाईक दुखावतात. हो म्हणावे तर सूरह अल-बकरामधील (२:१९५) आज्ञा समोर उभी राहते : आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका. एकीकडे औदार्य, दुसरीकडे प्राणांची अमानत. दोन्ही दीनचीच शिकवण आहे. मग आपण कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर महिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामावर निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ती ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात महिलांचा अंत झाला. त्यांच्या घरांतील चुली त्या दिवशी थंडावल्या. मजुरीला निघालेल्या स्त्रीला वाहन निवडण्याची मुभा नसते. जे समोर उभे राहील त्यात ती बसते. ज्याला निवडण्याची मुभा अल्लाहने दिली आहे, त्याचे उत्तरदायित्व म्हणूनच मोठे. आपल्या घरातही आजी, लहान मुले आणि घरकाम करणारी बाई यांना निवड नसते. ती जेथे बसवाल तेथे बसतात.

या पेचाचे उत्तर मला बद्रच्या वाटेवर सापडते. हिजरीच्या दुसऱ्या वर्षी प्रेषित सुमारे तीनशे तेरा साथीदारांसह निघाले तेव्हा जवळ उंट होते अवघे सत्तर. कमतरता स्पष्ट होती. एकेका उंटाच्या पाठीवर अनेकांना एकाच वेळी चढवून ती भरून काढली गेली नाही. साधारण तिघांमागे एक उंट ठरला आणि प्रत्येकाने पाळीपाळीने स्वार व्हायचे व पाळीपाळीने चालायचे असे ठरले. प्रेषितांच्या वाट्याच्या उंटावर ह. अली (रजि.) आणि ह. अबू लुबाबा (रजि.) हे दोघे भागीदार होते. दोघांनी विनंती केली की, आपण स्वार व्हावे, आपल्या वाट्याचे आम्ही चालू. प्रेषितांनी ती स्वीकारली नाही. तुम्ही माझ्याहून बलवान नाही आणि पुण्यफळाची गरज मलाही तुमच्याइतकीच आहे, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

वाहन सर्वांचे होते, पण एकाच वेळी सर्वांचे नव्हते. औदार्याची किंमत वाहनाने किंवा दुबळ्या प्रवाशाने चुकवली नाही. ती मालकाने आपल्या पायांनी, आपल्या वेळाने चुकवली. अंगणात अकरा माणसे उभी असतील तर दोन खेपा करणे, तरुणांना एस.टी.ने पाठवून आपणही त्यांच्यासोबत जाणे, तासभर आधी निघणे, हे खरे औदार्य होय. स्वतःला तोशीस न लावता मुलांना मांडीवर कोंबणे याला औदार्य म्हणता येत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर केलेला पाहुणचार ठरतो.

यावर कोणी म्हणेल की, प्रवासाहून परतताना प्रेषितांनी ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांना पुढे आणि आपल्या एका नातवाला मागे बसवून घेतले आणि एकाच जनावरावरून तिघे मदीनेत आले, असेही हदीसमध्ये आहे. होय, सहीह मुस्लिममध्ये ते आहे. पण एक प्रौढ आणि दोन लहान मुले हा भार ते जनावर सहज वाहू शकत होते. विद्वानांनीही याची परवानगी जनावराच्या क्षमतेवरच ठरवली आहे. मुक्या जनावरांविषयी अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद प्रेषितांनी एका खंगलेल्या उंटाला पाहून दिली होती. मोटारीला वेदना होत नाहीत, पण तिची क्षमता ठरलेली असते. भार वाढला की थांबण्यास अंतर जास्त लागते, टायर तापतात आणि वळणावर तोल जातो. तिची क्षमता मोजण्याचे साधे माप म्हणजे सीटबेल्ट. जितके पट्टे, तितकीच माणसे.

गाडी पाहायला आपण जातो तेव्हा चालकाच्या जागेवर बसतो, चक्र हाती धरतो, पडदा लावून पाहतो. माझी विनंती आहे की, सर्वप्रथम शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. आपण स्वतःसाठी जे पसंत करतो तेच आपल्या बांधवासाठी पसंत करेपर्यंत ईमान पूर्ण होत नाही, असे प्रेषितांनी सांगितले आहे. मग मागे गुडघे कुठे टेकतात? डोक्यामागे आधार आहे का? पट्टा खांद्यावरून येणारा आहे का? गुडघेदुखी असलेली दादी तेथवर चढू शकेल का? उन्हाळ्यात हवा पोहोचेल का? सातही जण बसल्यावर सामानाला जागा उरते का, की बोचकी डोक्यांमागे रचावी लागतील? जोरात ब्रेक लागला तर हेच सामान पुढच्यांवर आदळते. काही जुन्या गाड्यांत मागे समोरासमोर आडवी बाके असतात आणि त्यांना पट्टेच नसतात. तेथे माणसे मावतात. सुरक्षित मात्र राहत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ ही टक्कर-चाचणी सुरू झाली आहे. तीत प्रौढ आणि बालक यांच्या सुरक्षिततेसाठी गाडीला स्वतंत्र तारे दिले जातात. खरेदीपूर्वी दोन्ही आकडे पाहावेत. मांडीवरचे मूल धडकेच्या क्षणी कोणत्याही आईच्या हातांत राहू शकत नाही, कारण त्या क्षणी त्याचा भार कितीतरी पटींनी वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालकांची संरक्षक बैठक असणे बंधनकारक आहे. कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपला मुलगा किती चांगली चालवतो हे कौतुकाने सांगणाऱ्या वडिलांनी हे ध्यानी घ्यावे. प्रेषितांनी एका माणसाला आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले होते. पट्टा बांधणे हे आजचे उंट बांधणे आहे.

राहिली इंधनाची गोष्ट. समजा एक गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते आणि दुसरी वीस. वर्षाला बारा हजार किलोमीटर प्रवास झाला तर पहिलीला ८०० लिटर लागतील, दुसरीला ६००. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तरी फरक वीस हजारांचा. एवढ्यात एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मोठा भार हलका होतो. म्हणून प्रामाणिकपणे मोजावे : वर्षातील किती दिवस आपल्या घरचे सात जण एकत्र प्रवास करतात? ते दिवस बोटांवर मोजण्याइतके असतील तर पाच जणांची सुरक्षित गाडी घ्यावी आणि त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने आणावी. क्वचित प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी तर एस.टी. हेच उत्तम वाहन ठरेल. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तेथे अर्धेच भाडे आहे. सूरह अल-फुरकानमध्ये (२५:६७) रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजूषीही करत नाहीत. तेव्हा मोठ्या गाडीचा हव्यास जसा चूक, तशीच थोडे पैसे वाचवण्यासाठी एअरबॅग कमी असलेली गाडी घेणे ही कंजूषीही चूकच.

आणि हे सारे व्याजाच्या पायावर उभे करू नये. सुखासाठी घेतलेल्या वाहनाने अल्लाहची नाराजी घरी आणावी यापरते नुकसान कोणते? थोडे थांबून बचत करावी, तपासून घेतलेली जुनी गाडी पाहावी, नातलगांकडून कर्जे-हसना घ्यावे किंवा ठरलेल्या एकाच किमतीवर हप्त्यांनी देणारा विक्रेता मिळाल्यास आलिमांना विचारून व्यवहार करावा. दोन वर्षे उशिरा आलेली हलाल गाडी बरकतीची असते.

वाचकहो, स्वार होताना आपण जी दुआ म्हणतो ती सूरह अज-जुखरुफच्या (४३:१३-१४) आयतींतून आली आहे. ज्याने हे वाहन आमच्या अधीन केले तो पवित्र आहे, आमच्यात ते सामर्थ्य नव्हते, आणि आम्हाला आमच्या पालनकर्त्याकडेच परतायचे आहे, हा तिचा आशय. प्रवासाच्या आरंभीच परतीची आठवण! ज्याला तेथे परतून उत्तर द्यायचे आहे त्याने गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. मागच्या रांगेत कोण बसले आहे, कसे बसले आहे आणि दारात कोण उभे राहिले आहे? बसलेल्यांचा पट्टा बांधावा आणि उभे असलेल्याला सांगावे, ‘‘थांबा, मी परत येतो.’’ आणि खरोखर परत यावे.

अल्लाह आपल्या वाहनांना आपल्यासाठी ओझे न करता पुण्यफळाचे साधन करो आणि प्रत्येक प्रवासी सुखरूप घरी परतो. आमीन.