सत्कार कुणाचा, संचित कुणाचे?

सप्टेंबरची ५ तारीख जवळ आली, की आपल्या शाळाशाळांतून शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्पांची लगबग सुरू होते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला. पायंडा चांगलाच आहे. परंतु सत्कार म्हणजे नेमके काय, आणि तो केल्याने आपण कोणत्या ऋणातून मुक्त होतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आम्हाला तो विचारावासा वाटला, त्यास एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी एका मराठी शाळेतील निरोपसमारंभास आम्ही उपस्थित होतो. पाचवी ते आठवीच्या मुलांना तीस वर्षे गणित आणि भूगोल शिकविलेल्या बाई निवृत्त होत होत्या. व्यासपीठावर आम्हालाही स्थान होते. आम्ही बाईंना 'ज्ञानाचा दीपस्तंभ' म्हटले आणि टाळ्याही मिळविल्या. पुढच्या आठवड्यात बाईंचे कपाट रिकामे करण्यात आले. त्यातून कागदाच्या लगद्याचा वसई तालुक्याचा उठावाचा नकाशा निघाला: पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र. अपूर्णांक शिकविण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेली वर्तुळे निघाली. कोणत्या उदाहरणात मुले कुठे आणि का चुकतात, याची वर्षानुवर्षे केलेली टिपणे निघाली. शिपायाने विचारले, "याचं काय करायचं?" कुणापाशीच उत्तर नव्हते. सारे रद्दीत गेले.

हे कानी आल्यावर आम्ही बाईंना भेटावयास गेलो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाषण छान केलंत तुम्ही. पण त्या कपाटात काय आहे, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? एका नव्या मुलीनं मागितलं होतं. मीच दिलं नाही. पूर्वी एकदा दिलं होतं, ते प्रदर्शनात दुसऱ्याच्या नावानं लागलं. तेव्हापासून कुलूप घातलं ते घातलंच."

या प्रसंगात अपराध कुणाचा? बाईंना कृपण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दोघा भावांत वाडी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच येते. पुठ्ठ्याच्या वर्तुळांची युक्ती दहा शिक्षकांनी उचलली, तरी पहिल्याची युक्ती कमी होत नाही. जे दिल्याने घटत नाही, ते न देण्यास समर्थन कोणते? त्या नव्या शिक्षिकेच्या वर्गातील जी मुले अपूर्णांकांपाशी अडखळली, त्यांनी तर कुणाचेच काही बिघडविले नव्हते. आणि कुलपाची किंमत त्यांनीच मोजली.

हे सारे खरे. तथापि पुरते खरे नव्हे. युक्ती दिल्याने घटत नाही, पण ती देणाऱ्याचे नाव पुसले गेले, तर काहीतरी निश्चितच हिरावले जाते. आम्हाला वाटते, येथे मालकी आणि कर्तृत्व यांत भेद केला पाहिजे. मालक दार लावून घेऊ शकतो. कर्त्याचे मागणे एवढेच असते, की जे घडले ते खरे सांगितले जावे. बाईंना मालकी नको होती. तसे पाहिले, तर त्या पत्रिका मुलांनीच घरून आणल्या होत्या, वह्यांतल्या चुकाही मुलांच्याच होत्या, आणि शिकविण्याची रीत बाईंनाही कुणा गुरूकडून मिळाली असणार. साधन सर्वांचे होते, श्रम मात्र बाईंचे होते. श्रमाची कबुली मिळेना, म्हणून त्यांनी साधनावर हक्क बजावला. एका अन्यायातून दुसरा जन्मला. पहिल्यात आपण सारे सहभागी होतो.

आपल्याच परिसरातले एक उदाहरण येथे आठवते. मारिया मॉन्टेसरी यांनी बालशिक्षणासाठी जी साधने घडविली, ती मोलाची खरी, पण महागही होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी या दोघींनी खडे, पाने, बिया यांतूनच साधने उभी केली. मॉन्टेसरींचे ऋण त्यांनी नाकारले नाही, आणि स्वतःची रीतही कुलुपात ठेवली नाही. शिक्षिका तयार केल्या, पुस्तके लिहिली. घेतलेले कबूल करावे, त्यात आपली भर घालावी आणि पुढे द्यावे, हा क्रम त्यांनी पाळला. घेणाऱ्याने निव्वळ नक्कल केली असती, तर पाड्यावरच्या मुलापर्यंत काहीच पोहोचले नसते. म्हणजे घेणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. आयते मिळालेले साधन विचार न करता वर्गात नेणे, हाही देणाऱ्याचा एक प्रकारे अनादरच होय.

कुणी म्हणेल, मग वैयक्तिक सत्कार बंदच करावेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. साऱ्यांना सारखाच हार घालणे म्हणजे कुणाकडेच नीट न पाहणे. परंतु आदर्श म्हणून एकाची निवड करून बाकीच्यांना टाळ्या वाजविण्यास बसविणे, यातही पाहणे नसतेच. कोण उत्तम, हे ठरविण्याआधी कुणी काय केले, हे जाणून घ्यावे लागते. सन्मानाचा प्राण त्या जाणण्यात आहे. आम्ही व्यासपीठावरून जे बोललो, ते कोणत्याही बाईंविषयी बोलता आले असते. म्हणूनच ते त्या बाईंविषयी नव्हते.

तेव्हा येत्या शिक्षकदिनी एक साधी गोष्ट करून पाहावी. सभागृहात लांब टेबल मांडावे. प्रत्येक शिक्षकाने आपले एखादे साधन त्यावर ठेवावे: एखादा तक्ता, खेळ, प्रश्नांची वही. त्यावर करणाऱ्याचे नाव लिहावे. पुढच्या वर्षी ज्याने ते वापरले, त्याने त्याखाली आपले नाव आणि आपण केलेला बदल लिहावा. भिंगाचा तुटलेला खोका दुरुस्त करणाऱ्या शिपायाचेही नाव तेथे असावे. पालकांनी भाषणे ऐकण्याऐवजी टेबलाभोवती फिरावे आणि विचारावे, "हे तुम्ही कसं केलंत?"

हा प्रश्न आम्ही त्या बाईंना तीस वर्षांत एकदाही विचारला नाही. त्यांच्या घरून निघताना विचारला. त्या उठल्या, कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका आणि कात्री काढली, आणि आम्हाला वर्तुळ कापून दाखवू लागल्या.