‘तुमची जमीन’ म्हणजे कोणाची?

4 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी युटा राज्यातल्या ‘बेअर्स इअर्स’ या राष्ट्रीय स्मारकाचं क्षेत्र सुमारे 85 टक्क्यांनी कमी केलं. स्मारक म्हणजे इथे पुतळा नव्हे. 1906च्या एका कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सरकारी जमिनीचा एखादा भाग राखून ठेवता येतो, आणि ओबामांनी वर्षभरापूर्वी तिथली साडेतेरा लाख एकर जमीन तशी राखली होती. निर्णय जाहीर होताच ‘पॅटागोनिया’ या गिर्यारोहणाचे कपडे विकणाऱ्या कंपनीने आपल्या संकेतस्थळाचं पहिलं पान काळं केलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: राष्ट्राध्यक्षांनी तुमची जमीन चोरली. दोन दिवसांनी कंपनी कोर्टात गेली.

यावर पहिला संशय येतो तो साधा आहे: हा धंदा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे 64 कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या चतुर्थांशाहून अधिक. लोक तिथे भटकतात म्हणून तंबू, बूट आणि जॅकेटं खपतात. तेव्हा कंपनीचा स्वार्थ आहेच. पण स्वार्थ आहे म्हणून मागणी खोटी ठरते का? धरणाच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्याचाही स्वार्थ असतो. तेवढ्यावरून आपण त्याची मागणी फेटाळत नाही. बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्यातलं तथ्य या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

कसोटी लागते ती स्वार्थ आणि तत्त्व यांच्या वाटा वेगळ्या होतात तिथे. 1937च्या कायद्यानुसार अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर विशेष कर आहे आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. म्हणजे शिकारी या कामाचा मोठा भार उचलतात. 1990च्या दशकात असाच कर तंबू, पाठपिशव्या, दुर्बिणी यांच्यावर लावावा असा प्रस्ताव आला. या वस्तू बनवणाऱ्या उद्योगाने त्याला विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. आयात मालावर आधीच जकात आहे, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. तरीही प्रश्न उरतो: प्राणी मारायला जाणारा कर भरतो, मग पाहायला जाणाऱ्याने का भरू नये?

पॅटागोनिया विक्रीतला एक टक्का पर्यावरणासाठी देते. 2022मध्ये तर संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांच्या कुटुंबाने कंपनीची मालकीच एका ट्रस्टला आणि एका ना-नफा संस्थेला दिली. हे दान मोठं आहे. पण दानात किती द्यायचं आणि कोणाला, हे देणारा ठरवतो. करात ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. सार्वजनिक जमिनीची बाजू घेणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटता कामा नये.

जाब विचारण्याचंही तसंच. ‘आरईआय’ ही याच व्यवसायातली सहकारी संस्था. ट्रम्प यांनी अंतर्गत खात्याच्या मंत्रिपदासाठी निवडलेल्या डग बर्गम यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर तिने सही केली. 2025च्या एप्रिलमध्ये तिच्या नव्या प्रमुखांनी ती सही मागे घेतली आणि सभासदांची माफी मागितली. सभासद मालक असतात, म्हणून ते निदान हक्काने विचारू शकतात. नुसत्या गिऱ्हाइकाच्या हाती खरेदी थांबवण्यापलीकडे फारसं काही नसतं.

आणि त्या काळ्या पानावरचं ‘तुमची’? बेअर्स इअर्स राखावं ही मागणी होपी, नव्हाहो, झुनी आणि यूट लोकांच्या दोन, अशा पाच आदिवासी राष्ट्रांची होती. निर्णयाच्या दिवशीच तीही कोर्टात गेली. त्यांच्यासाठी तिथे पूर्वजांची थडगी आहेत, औषधी वनस्पती आहेत, विधींच्या जागा आहेत. ती जमीन ‘सार्वजनिक’ झाली तीच मुळात त्यांच्या हातून गेल्यावर. पॅटागोनियाने आपल्या दाव्यात स्थानिक आदिवासींच्या एका संस्थेला सोबत घेतलं, हे खरं. पण जाहिरातीतलं ‘तुम्ही’ म्हणजे प्रामुख्याने सुट्टीत तिथे जाणारा ग्राहक.

2021मध्ये बायडन यांनी स्मारकाची हद्द पूर्ववत केली. कंपनीने त्यासाठी आवाज उठवला हे चांगलंच झालं, आणि तो विकत घेता येणारा आवाज होता म्हणून त्याचं मोल शून्य होत नाही. मात्र जमीन सर्वांची असेल, तर तिच्या वतीने कोण बोलणार हे कोणाचा आवाज मोठा आहे यावर ठरू नये. तसं ठरू लागलं, तर उद्या तेल कंपनीही तितक्याच मोठ्या अक्षरांत ‘तुमची जमीन’ लिहील, आणि तिला अडवायला आपल्याकडे मुद्दा उरणार नाही.